सिव्हिलायझेशन ६: चंद्रगुप्ताच्या हत्तींबरोबर काही महिने

आळीपाळीने चाली करत आपली संस्कृती उभी करायचा हा गेम २०१६ चा, म्हणजे आता जुनाच. पण गेले काही महिने रात्रीची जेवणं झाली की लॅपटॉपवर हाच चालू असतो. ग्राफिक्स, संगीत, नकाशा यांवर भरपूर लिहून झालंय, त्यामुळे मी फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितो. प्रत्येक संस्कृतीला एक-दोन युनिट (नकाशावर चालवायच्या तुकड्या) असे मिळतात जे दुसऱ्या कोणाकडे नसतात. त्यांचं नेमकं करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. खास युनिट हे हत्यार कमी आणि तारीख जास्त असतं. ते ज्या काळात येतं, त्या काळात ते सगळ्यांना भारी पडतं. पुढचं तंत्रज्ञान आलं की ते इतरांसारखंच होऊन बसतं. म्हणून ते हातात आल्यावर युद्धाचा विचार करायचा नाही, ते यायच्या आधी युद्धाची सगळी तयारी झालेली हवी.

मी सर्वात जास्त खेळलोय तो भारताचा नेता चंद्रगुप्त. तो मूळ गेममध्ये नाही, २०१८ च्या राइज अँड फॉल एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या भागात, आला. भारताचं खास युनिट वारू, म्हणजे युद्धाचा हत्ती. ताकद ४०, चाल फक्त २ (म्हणजे एका टर्नमध्ये, एका पाळीत, नकाशावरची दोन घरं), आणि शेजारच्या घरात उभ्या असलेल्या शत्रूची ताकद तो ५ ने कमी करतो. दोन हत्ती शेजारी असतील तर १० ने. हे हत्ती भारताचे दुसरे नेते गांधी यांनाही मिळतात, पण चंद्रगुप्ताकडे वर अर्थशास्त्र ही खास क्षमता आहे. मिलिटरी ट्रेनिंग हा सिव्हिक (तंत्रज्ञानासारखाच, पण समाज-राज्यकारभाराचा शोध) मिळाला की प्रदेशविस्ताराचं युद्ध पुकारता येतं, आणि पुकारल्यापासून पहिले १० टर्न सगळ्या युनिट्सना ताकद ५ ने आणि चाल २ ने जास्त. दोन घरं रखडत जाणारा हत्ती एकदम चार घरं जातो. टेकड्या आणि जंगल असलेल्या नकाशावर हा फरक फार मोठा आहे, कारण तिथे एकेका घराला दोन चाली जातात.

प्रत्यक्षात काय होतं ते बघा. शत्रूचा भालाईत म्हणजे ताकद २५, घोडदळ-हत्तींविरुद्ध त्याला आणखी १०, एकूण ३५. त्याच्या दोन बाजूंना दोन हत्ती उभे केले की तो २५ वर येतो, आणि आपला हत्ती अर्थशास्त्रामुळे ४५ वर. फरक २० चा. या गेममध्ये ताकद समान असली तर एका फटक्यात साधारण ३० नुकसान होतं, २० चा फरक असेल तर ६५ च्या आसपास. जीव सगळ्यांचा १०० च. पहिल्या हत्तीने तो अर्धमेला होतो, दुसऱ्याने संपतो. म्हणजे हत्तींवर उपाय म्हणून जे युनिट बनवतात, तेच एका टर्नमध्ये साफ. हत्ती एकेकटे पुढे पाठवणाऱ्यांना हे कधी दिसतच नाही आणि मग ते म्हणतात वारू संथ आहे, काही कामाचा नाही.

तयारीची साखळी छान जुळते. कुरण बांधलं की घोडेस्वारीच्या तंत्राला चालना मिळते, म्हणजे ते लवकर हाती येतं, आणि हत्ती त्याच तंत्राने येतात. रानटी टोळीचा एक तळ उठवला की मिलिटरी ट्रॅडिशन हा सिव्हिक लवकर मिळतो. त्यातून मॅन्यूव्हर हे पॉलिसी कार्ड (सरकारचं धोरण) येतं, म्हणजे हत्तींसाठी ५० टक्के जास्त प्रॉडक्शन (शहराची बांधणीची क्षमता). छावणी, म्हणजे एन्कॅम्पमेंट बांधली की मिलिटरी ट्रेनिंगला चालना, शिवाय सेनापतीचे पॉइंट जमू लागतात. त्या काळातला सेनापती जवळ असला की आणखी ५ ताकद आणि १ चाल. एका हत्तीला प्रॉडक्शन १२० लागतं, आणि तो जुनं युनिट अपग्रेड करून मिळत नाही, नव्यानेच बनवावा लागतो. त्यामुळे जंगलतोड करून प्रॉडक्शन मिळवून देणारे बिल्डर (कामगार) आधीच तयार ठेवा, आणि सोनं साठवा.

दोन गोष्टी गेम नीट समजावत नाही. एक, प्रदेशविस्ताराच्या युद्धासाठी आधी शेजाऱ्याचा जाहीर निषेध करून ५ टर्न थांबावं लागतं, आणि दोघांची दोन-दोन शहरं एकमेकांच्या १० घरांच्या आत असावी लागतात. म्हणजे दुसरं शहर कुठे वसवायचं हे हत्तींचं नाव ऐकण्याआधी ठरवायचं. दोन, तटबंदीपुढे हत्ती चालत नाहीत. भिंत फोडणाऱ्या बॅटरिंग रॅमचा फायदा पायदळाला होतो, हत्तींना नाही. सोबत कॅटापुल्ट, म्हणजे दगड फेकणारी यंत्रं, नेली नाहीत तर १० टर्न भिंतीला धडका देण्यातच जातात.

राइज अँड फॉलच्या नियमांत पहिलं खास युनिट बनवल्याबद्दल ४ एरा स्कोअर मिळतात, आणि हे गुण पुरेसे जमले की पुढचा काळ आपलं सुवर्णयुग ठरतो. सुवर्णयुग थोडक्यात हुकत असेल तर लढाई करायची नसली तरी एक हत्ती बनवून टाकावा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नुबियाचे पिताती तिरंदाज सर्वात सोपे: गोफणवाले आधी बनवून ठेवायचे, तंत्र आलं की सोनं देऊन सगळे एकदम अपग्रेड. अझ्टेकांचा ईगल वॉरियर हरवलेल्या शत्रूला कधी कधी बिल्डर बनवून आणतो, त्यामुळे तिथे लढाई म्हणजेच बांधकामखातं. रोमचा लीजन रस्ता बांधू शकतो, तो शत्रूच्या दिशेनेच बांधावा. अमेरिकेचं पी-५१ मस्टँग विमान मात्र इतक्या उशिरा येतं की तोवर डावाचा निकाल लागलेला असतो. मी तरी ते हौसेखातरच उडवलंय.

मराठे यात नाहीत, ही खंत आहेच. चपळ घोडदळ आणि डोंगरी किल्ले एवढ्यावर एक उत्तम संस्कृती उभी राहिली असती.

घ्यायचा असेल तर नुसता मूळ गेम घेऊ नका, एक्स्पान्शनसकट सेलमध्ये घ्या. आणि चंद्रगुप्त निवडणार असाल तर शेजारी जवळ मिळावा म्हणून नकाशा एक आकार लहान ठेवा.