बाबागाडी घेऊन ८ महिने झाले, आता खरं काय ते सांगते

बाबागाडी घ्यावी का असं खूप जणी विचारतात म्हणून एकदाचं लिहून टाकते. आमची चिऊ आता १४ महिन्यांची आहे, गाडी घेतली तेव्हा ६ महिन्यांची होती, म्हणजे मान धरून आधाराने बसायला लागली होती. कंपनीचं नाव लिहित नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि तसंही या किमतीतल्या सगळ्या गाड्या साधारण एकसारख्याच असतात, रंग नि कपहोल्डर सोडला तर. आमची ७ किलोची, एका हाताने मिटणारी, पाच पट्ट्यांच्या बेल्टची, १५ किलोपर्यंतच्या मुलांना चालणारी. साडेसात हजारांना पडली, पुण्यात लक्ष्मी रोडच्या एका दुकानात.

दुकानात तो मुलगा इतका गोड बोलत होता, "ताई बघा, एका हाताने," असं म्हणून खटकन मिटवून दाखवली, परत उघडली, परत मिटवली. मला वाटलं आपलं आयुष्यच बदलणार. दुसऱ्या हातात १० किलोचं बाळ, खांद्याला डायपर बॅग आणि ओढणी चाकात, अशा अवस्थेत मिटवून दाखव म्हणावं! होतं, पण तिसऱ्या प्रयत्नात होतं. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अगं कडेवर घ्यायला माणसं आहेत की घरात." मी ऐकलं नाही. आता त्या ऐकवतात.

आधी चांगलं सांगते. मेट्रो. खरंच सांगते, ही गाडी मेट्रोसाठी वसूल झाली. आम्ही आयडियल कॉलनीला राहतो, तिथून जिल्हा न्यायालयाला उतरायचं आणि खालची लाइन पकडून मंडई. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग सुरू झाल्यापासून मंडईजवळचा तुळशीबागेचा बाजार म्हणजे मला शेजारच्या गल्लीसारखा झालाय. वरची लाइन पुलावर आणि खालची ३३ मीटर खोल, पण लिफ्ट आहे, गाडी आत ढकलायची, बटण दाबायचं, चिऊ लिफ्टच्या काचेतल्या स्वतःला हात करते. सरकत्या जिन्यावर मात्र गाडी नेऊ नका बायांनो, मी एका काकूंना नेताना पाहिलं आणि माझ्याच पोटात गोळा आला.

पण घरापासून स्टेशन! जेमतेम ४०० पावलं असतील आणि त्यात तीनदा गाडी उचलावी लागते. एकदा फुटपाथवर चढवून लावलेली कार, एकदा उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि एकदा तो इलेक्ट्रिकचा डीपी बॉक्स, ज्याच्या शेजारून मी एकटी पण तिरकी होऊन जाते. रस्त्यावर उतरावं तर मागून बाइकवाला हॉर्न मारतो, जसं काही मीच चुकीच्या जागी आहे. जाहिरातीत ती आई हिरवळीच्या कडेने कॉफी पीत गाडी ढकलत असते ना, ती कुठे राहते हे मला एकदा विचारायचंय.

आणि मंडई स्टेशनच्या बाहेर पडलात की गाडीचं काम संपलं. तुळशीबागेत गाडी नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, मी केलाय. जानेवारीत बोरन्हाणाची खरेदी होती, काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, हार, बाजूबंद सगळं एका फेरीत घ्यायचं ठरवलं आणि गाडी घेऊन घुसले. संक्रांतीच्या आधीचा रविवार. पाच मिनिटांत गाडी अशी अडकली की पुढे जाता येईना, मागे येता येईना, एका बाजूला कानातल्यांचा स्टॉल आणि दुसऱ्या बाजूला भांडी, चिऊने हात लांब करून स्टीलच्या डावांची चळतच ओढली. दुकानदार काका चांगले होते, म्हणाले "राहू दे वहिनी, लेकराला काय कळतंय," आणि गाडी मिटवून त्यांच्या फळीखाली ठेवून घेतली. तासाभराने परत आणायला गेले तर त्यांनी सीटवर पिशव्या ठेवल्या होत्या. म्हणलं चला, कुणाच्या तरी कामी आली.

त्या दिवशी उरलेली सगळी खरेदी चिऊला बेबी कॅरियरमध्ये घेऊन झाली, पोटाशी बांधलेली चिऊ आणि दोन्ही हात मोकळे. हे आधी कळलं असतं तर! म्हणून माझं स्पष्ट मत, दोन्हीपैकी एकच घेणं परवडत असेल तर आधी कॅरियर घ्या. फक्त घेताना बघा की बाळाचे पाय बेडकासारखे फाकून बसतात का, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर हवेत, पाय नुसते लोंबकळत नकोत. आणि हनुवटी छातीला टेकलेली नको, नाक-तोंड कायम आपल्याला दिसलं पाहिजे. कपडा सुती घ्या, उन्हाळ्यात दोघींच्या मधे घामाचं तळं होतं.

जाता जाता तुळशीबागेचं सांगते, झबली-टोपडी, कुंची, मऊ दुपटी यांच्यासाठी मॉलमध्ये जाऊच नका. मॉलमधल्या त्या 'ऑरगॅनिक' झबल्याच्या एकाच्या पैशात इथे चार येतात, आणि बाळ दोन महिन्यांत त्यातून बाहेर. मला तर बाळंतविड्यात इतकी झबली आली होती की काहींची घडी पण मोडली नाही. बंदांची घ्या, टिचबटणाची नको, आमच्या एका झबल्याचं बटण दुसऱ्याच धुण्यात निघालं आणि ते चिऊच्या मुठीत सापडलं, तोंडात जायच्या आत, नशीब.

आता ट्रिप. डिसेंबरात वाई-पाचगणीला गेलो दोन दिवस. आमची कार सीएनजी, म्हणजे डिकीत आधीच सिलिंडर बसलेला. "केबिन साइज, कुठेही मावते" असं बॉक्सवर लिहिलंय, पण सिलिंडरच्या वर नाही मावत. मग बाबागाडी मागच्या सीटवर आडवी, तिच्या शेजारी चिऊची कार सीट, आणि उरलेल्या वीतभर जागेत सासूबाई. खंबाटकी घाटात चिऊने ओकारी काढली ती नेमकी मिटवलेल्या बाबागाडीवर. (कार सीट ही वेगळी गोष्ट आहे हां, ती घ्याच, बाबागाडीच्या पैशातून कापून घ्या वाटल्यास.)

वाईला ढोल्या गणपतीपाशी घाटाच्या पायऱ्या, मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे तर कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्याच पायऱ्या, बाबागाडी दोन्हीकडे कारमध्येच राहिली. मेणवलीच्या घाटावर ती मोठी घंटा आहे ना, वसईच्या लढाईनंतर चिमाजीअप्पांनी आणलेल्यांपैकी, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. नवरा म्हणाला, "बघ, हिने पण हातातच घेतलंय." त्याच्या कडेवर तेव्हा चिऊ होती आणि तिने त्याच्या शर्टाला पेढा पुसला, बरं झालं.

पाचगणीला टेबललँडवर मात्र मी हट्टाने बाबागाडी काढली. सपाट आहे म्हणलं ना! दिसायला सपाट, पण जांभा दगड तो, खडबडीत, आणि आमच्या गाडीची चाकं श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाएवढी. खडखडखड असा आवाज, चिऊ "आ आ आ" करून आपलाच आवाज थरथरताना ऐकतेय आणि खूश, तिला तर ती राइडच वाटली. मला मात्र बोल्ट सुटायचा आवाज ऐकू येत होता. तसंच झालं, पुढचं डावं चाक त्या दिवसापासून डुगडुगायला लागलं.

कस्टमर केअरला फोन केला तर आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग बिल, आणि आठ दिवसांनी उत्तर आलं की ही वापराने झालेली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. वापराने! म्हणजे वापरायची नव्हती का? नवीन चाकाचा जोड ११०० रुपये, प्लस कुरियर. मी शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे नेली, त्यांनी चाक काढलं, दोन वायसर घातले, ग्रीस लावलं, ४० रुपये. तीन महिने झाले, चाक गप आहे.

बारीक बारीक गोष्टी ज्या दुकानात कळत नाहीत त्या सांगते. ब्रेकचा पेडल खाली दाबला की लागतो पण सोडवायला पायाच्या बोटाने वर उचलावा लागतो, चप्पल घातलेली असेल तर अंगठा सोलवटतो. खाली-वर दोन्ही वेळा दाबायचाच असेल असा बघून घ्या. खालची जाळी मोठी दिसते, पण सीट मागे पाडली की तिच्यात हातच जात नाही, आणि सीट तर चिऊ झोपल्यावरच पाडलेली असते, म्हणजे नेमका डायपर हवा तेव्हा. छत संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला पुरत नाही, मी दुपट्याला चिमटे लावते पुढून, वारा जाईल एवढी फट ठेवून. हँडलला भाजीची पिशवी अडकवायचा मोह होतोच, पण बाळ उचललं की गाडी सरळ मागे कलंडते. मंडईतून आणलेले टोमॅटो मी असेच जिन्यात वेचलेत, देवाच्या दयेने चिऊ तेव्हा माझ्या काखेत होती.

आणि बकल. नाचणीचं सत्त्व बकलच्या आत गेलं आणि वाळलं की सिमेंट होतं सिमेंट. एके दिवशी मॉलच्या पार्किंगमध्ये बकल उघडेचना, चिऊ आत रडतेय, मी आणि नवरा दोघं मिळून लाल बटण दाबतोय, शेवटी पट्टे सैल करून तिला वरून काढली, गाजर उपटतात तशी. तेव्हापासून दर रविवारी कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. सीटचं कापड निघतं असं सांगितलं होतं, निघतं पण परत बसवायला नवरा लागतो, आणि त्याला यूट्यूब लागतं.

सध्या गाडीचा सगळ्यात जास्त वापर कुठे होतो माहितेय? घरात. स्वयंपाकघराच्या दारात ब्रेक लावून उभी, चिऊ त्यात बसून वरणभात खाते आणि मी पोळ्या करते. साडेसात हजारांची खुर्ची झाली, पण जेवते निमूट, खाली बसवली तर ताटलीच पालथी करते. सासूबाईच भरवतात तिला त्यात बसवून, "चल गं राणी, रथात बस" म्हणत.

पाच पैकी तीन. मॉल, मेट्रो, विमानतळ असं फिरणं असेल तर घ्या, पण नवी कोरी नको, सोसायटीच्या ग्रुपवर विचारा आधी, निम्म्या घरांच्या माळ्यावर एक मिटवलेली पडलेली असते. बघायला जाताना बाळ सोबत न्या, बसवा, आणि बकल दहा वेळा उघडून बघा.