‘डार्क सोल्स २’ : हाताचे कसब आणि आकड्यांचा कारभार

२०११ च्या ‘डार्क सोल्स’ या व्हिडिओ गेमचा खेळाडूशी व्यवहार रोखठोक होता: मार बसला तर चूक तुझी, आणि ती सुधारण्याचे साधनही तुझ्याच हातात. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने मार्च २०१४ मध्ये आणलेल्या दुसऱ्या भागात हा व्यवहार जागोजागी बदलला आहे. पहिल्या भागाचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी या वेळी देखरेखीपुरतेच होते. दिग्दर्शनाची धुरा तोमोहिरो शिबुया आणि युई तानिमुरा यांनी सांभाळली. नव्या दिग्दर्शकांनी केलेले बहुतेक बदल सुटे तपासले तर समजण्यासारखे आहेत, परंतु त्यांतील काहींनी खेळाडूच्या बोटांतले कसब काढून पात्राच्या आकड्यांत नेऊन ठेवले आहे, आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे.

अ‍ॅडॅप्टेबिलिटी हा पात्राची लेव्हल चढवताना वाढवता येणारा नवा गुण या आक्षेपाच्या केंद्रस्थानी आहे. पहिल्या भागात रोल, म्हणजे वार चुकवण्यासाठी मारलेली कोलांटी, किती चपळ होईल हे अंगावरच्या चिलखत-शस्त्रांच्या वजनावर ठरत असे. जड लोखंड घातले की पात्र धप्पकन पडे आणि कारण डोळ्यांसमोर असे. येथे मात्र रोल करताना ज्या निमिषभरात वार लागत नाही, तो अवधी अ‍ॅजिलिटी नावाच्या आकड्यावर अवलंबून असून तो आकडा प्रामुख्याने अ‍ॅडॅप्टेबिलिटी वाढवल्यानेच वाढतो. एस्टस हे आरोग्य भरून काढणारे पेय किती झटपट पिता येईल हेही तोच आकडा ठरवतो. पडद्यावरचे वर्णन हे इतके मोघम सांगते की नव्या खेळाडूला त्याचे महत्त्व उमगतच नाही. ‘फॉरेस्ट ऑफ फॉलन जायंट्स’ या आरंभीच्या परिसरात परस्यूअर हा बलाढ्य शत्रू तलवार उगारतो, आपण अगदी वेळेवर रोल करतो आणि तरीही वार बसतो, खेळाडू स्वतःच्या अंदाजाला दोष देतो, शत्रू मारून मिळालेले सोल्स हे चलन स्ट्रेंग्थ या ताकदीच्या गुणामध्ये घालतो आणि पुन्हा तेथेच मरतो. चूक कळली तरच ती सुधारता येते, आणि येथे ती कळण्याची सोयच ठेवलेली नाही.

प्रत्येक मृत्यूनंतर कमाल आरोग्य थोडे थोडे कमी होत निम्म्यापर्यंत उतरणे, हा दुसरा जाचक नियम. ह्यूमन एफिजी नावाची वस्तू वापरून ते पूर्ववत करता येते. शिवाय ‘हाइड्स टॉवर ऑफ फ्लेम’मध्ये मिळणारी रिंग ऑफ बाइंडिंग नावाची अंगठी ही घसरण तीन चतुर्थांशावर रोखते. इतक्या लवकर उतारा हाती ठेवणाऱ्यांना स्वतःच्याच नियमाविषयी शंका असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. याच्या उलट, सुमारे डझनभर वेळा मारलेला शत्रू पुन्हा न उगवण्याची तरतूद अडकलेल्या खेळाडूला हात देण्यासाठी आहे. पण तिच्यामुळे वाट शिकून पार करण्याऐवजी वाट रिकामी करून पार करण्याची सवय लागते.

बोनफायर असेटिक ही कल्पना मात्र मनापासून दाद द्यावी अशी आहे. ती वस्तू बोनफायरमध्ये, म्हणजे विसाव्याच्या आणि मेल्यावर पुन्हा उभे राहण्याच्या शेकोटीत, जाळली की तेवढाच परिसर पुढच्या फेरीच्या काठिण्यपातळीवर जातो, मारलेला बॉस, म्हणजे तिथला मुख्य शत्रू, परत उभा राहतो आणि एरवी गेम संपवल्याशिवाय न मिळणाऱ्या काही गोष्टी तेथे हाती लागतात. काठिण्य किती आणि कुठे वाढवायचे हे खेळाडूच ठरवतो, आणि एकदा ठरवले की त्या फेरीपुरती माघार नाही. दोनाऐवजी चार अंगठ्या घालण्याची मुभा आणि सोल व्हेसल वापरून गुणांची फेरवाटणी करण्याची सोयही स्वागतार्ह आहे.

बोनफायरवरून बोनफायरवर जाण्याची सोय पहिल्या भागात लॉर्डव्हेसल ही वस्तू मिळाल्यावरच येत असे. तोवर पायी हिंडावे लागे, आणि अनडेड पॅरिश या परिसरातली लिफ्ट अवचित फायरलिंक या मुख्य तळावर उतरली की सारा नकाशा डोक्यात जुळून येई. आता ही सोय आरंभापासून असल्याने माजुला या मध्यवर्ती गावातून निघालेल्या वाटा एकमेकींना फारशा भेटत नाहीत. अर्दन पीकच्या माथ्यावरून लिफ्टने वर जावे आणि लाव्हाने वेढलेल्या आयर्न कीप या किल्ल्यात पोहोचावे, हे तर भूगोलाला न जुमानणारेच आहे. त्यातून लेव्हल वाढवण्याची सोय बोनफायरवरून काढून ती माजुलातल्या एमराल्ड हेराल्ड या स्त्रीपात्राकडे दिली आहे. म्हणजे प्रवास सोपा करून दिलेला वेळ हेलपाट्यांत आणि तिच्या त्याच त्या वाक्यांत परत घेतला आहे.

ऑनलाइन जोड्या लावण्यासाठी आणलेली सोल मेमरी हा हेतू चांगला आणि परिणाम वाईट असा मामला आहे. आजवर मिळवलेल्या सर्व सोल्सची, गमावलेल्यांसकट, बेरीज करून जोडीदार निवडला जात असल्यामुळे एका मित्राने थोडे जास्त खेळले की दुसऱ्याशी गाठ पडणे अवघड होते.

आज खेळायला घेणाऱ्याने २०१५ ची ‘स्कॉलर ऑफ द फर्स्ट सिन’ ही आवृत्ती घ्यावी, मात्र तिच्यात शत्रूंच्या जागा बऱ्याच बदलल्या आहेत हे ध्यानात ठेवावे. आणि पहिले काही लेव्हल्स निःशंकपणे अ‍ॅडॅप्टेबिलिटीवर खर्च करावेत. २०१६ च्या तिसऱ्या भागाने हा गुण आणि सोल मेमरी दोन्ही वगळले, चार अंगठ्या ठेवल्या, आणि लेव्हलसाठी एकाच ठिकाणी परतण्याचा हेलपाटाही तसाच ठेवला.