अमेरिकेत हॉस्पिटलमधली क्लिनिकल सायकॉलॉजी पोस्टडॉक: माझा रिव्ह्यू, पाचपैकी चार स्टार

फेलोशिप संपली, लायसन्स आलं, आणि आपल्याकडून इकडे पीएचडी किंवा साय-डी (सायकॉलॉजीतली प्रॅक्टिसवर भर देणारी डॉक्टरेट) करायला आलेली मुलं-मुली सारखं एकच विचारतात की ताई, पोस्टडॉक (डॉक्टरेटनंतरची, अनुभवी सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखालची ट्रेनिंग फेलोशिप) हॉस्पिटलमध्ये करू का सरळ एखाद्या प्रायव्हेट प्रॅक्टिसमध्ये, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकते. माझी झाली मिडवेस्टमधल्या एका मोठ्या हॉस्पिटल सिस्टिममध्ये, एक वर्ष, हेल्थ सायकॉलॉजी ट्रॅक. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिकडे आत्तापर्यंत दोन वर्षांचं एमफिल केलं की आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन व्हायचं आणि काम सुरू करता यायचं. इथे डॉक्टरेट, तिच्यातच एक वर्षाची इंटर्नशिप, मग बऱ्याच राज्यांत डॉक्टरेटनंतरचे सुपरव्हिजनखालचे तास आणि ईपीपीपी नावाची लायसन्सची परीक्षा, २२५ प्रश्न, सव्वाचार तास, पास व्हायला साधारण ५०० स्कोअर. तासांचं प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, कॅलिफोर्नियात एकूण ३००० पैकी निदान १५०० डॉक्टरेटनंतरचे लागतात, काही राज्यांनी पोस्टडॉकची अटच काढून टाकलीये. त्यामुळे कुठल्या राज्यात राहायचंय ते आधी ठरवा, मग साइट, म्हणजे पोस्टडॉकचं ठिकाण, शोधा. न्यूरोसायकॉलॉजी (मेंदू आणि वागणं यांच्या संबंधाची शाखा) करायची असेल तर एक वर्षाचा विचारच करू नका, तिथे दोन वर्षं धरूनच चाला.

अर्ज करताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, इंटर्नशिपला कसं कॉम्प्युटरने मॅच होतं तसं बहुतेक पोस्टडॉकला नाही. एपीपीआयसीच्या (इंटर्नशिप आणि पोस्टडॉक देणाऱ्या केंद्रांची संघटना) डिरेक्टरीत साइट शोधायच्या, अर्ज भरायचे, इंटरव्ह्यू, आणि मग ऑफर कधीही येते. फेब्रुवारीच्या शेवटाकडे एक कॉमन होल्ड डेट असते, ती पाळणाऱ्या साइटची ऑफर त्या दिवसापर्यंत हातात धरून ठेवता येते, पण सगळ्या साइट ती पाळत नाहीत, तेव्हा इंटरव्ह्यूलाच विचारून घ्या. आणि व्हीए, म्हणजे माजी सैनिकांची हॉस्पिटलं, जिथे या देशातलं सायकॉलॉजीचं ट्रेनिंग १९४६ पासून चालू आहे आणि पोस्टडॉकच्या जागाही भरपूर आहेत, तिथे अमेरिकन नागरिकत्व लागतं. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर ती सगळी यादी एका फटक्यात बाद होते.

आता काम. यासाठीच मी हॉस्पिटल म्हणते. आठवड्यातले काही दिवस ट्रान्सप्लांट टीमबरोबर आणि बाकीचे कन्सल्टवर, म्हणजे मेडिकल वॉर्डातून बोलावणं येतं की अमुक बेडवरचा पेशंट डिप्रेस्ड वाटतोय, बघून घ्या. बघायला जावं तर पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेला, जेवत नाही, एका शब्दात उत्तरं. आपण लगेच उदासीचे प्रश्न सुरू करतो. माझ्या सुपरवायझरने पहिल्याच आठवड्यात शिकवलं की थांब, आधी लक्ष लागतंय का बघ, महिने उलटे म्हणायला सांग डिसेंबरपासून. ऑक्टोबरवर अडकले, सकाळी बरे होते आणि संध्याकाळी नाही असं नर्स म्हणाली, की डोळ्यासमोर डिलिरियम (आजारपणात अचानक येणारा, कमी-जास्त होणारा गोंधळ) येतो, शांत प्रकारचा, आरडाओरडा नसलेला, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग टीमला फोन करायचा, इन्फेक्शन बघा, औषधं बघा. वेळेवर कळलं तर माणसाचं पुढचं सगळंच बदलतं. हे क्लिनिकच्या खोलीत बसून पन्नास मिनिटांची सेशन करून कधीच शिकता येत नाही, कारण तो पेशंट तिथे येतच नाही.

ट्रान्सप्लांटचं काम वेगळ्या तऱ्हेने जड. किडनी किंवा लिव्हर मिळण्याआधी आम्ही भेटायचो, दारूचं काय, गोळ्या चुकतात का, घरी आणून सोडणारं, रात्री उठून बघणारं कोण आहे. लोकांना वाटतं आपण त्यांना नापास करायला बसलोय. मी तरी ते काम असं शिकले की अडचणी आधी हुडकायच्या आणि लिस्टवर जायच्या आत सोडवायला मदत करायची, नुसतं हो किंवा नाही लिहून मोकळं व्हायचं नाही.

आणि आपली माणसं. मुलाकडे-मुलीकडे राहायला आलेल्या आजी ॲडमिट होतात. कोण, कुठल्या ते सोडा, अशा एकापेक्षा जास्त भेटल्या. फोनवरचा इंटरप्रिटर हिंदीचा मिळतो, मराठीचा पटकन मिळत नाही, आजी त्याला सगळ्यालाच ठीक है म्हणतात आणि चार्टमध्ये लिहिलं जातं की तक्रार नाही. मी मराठीत विचारलं की झोप कशी लागते, तर रडू फुटलं आणि अर्धा तास बोलणं चाललं. पण आपली भाषा येते म्हणून उगाच घाई करू नका, आमच्याकडे पेशंटशी दुसऱ्या भाषेत काम करायला आधी हॉस्पिटलची भाषेची टेस्ट द्यावी लागायची, आणि सुपरवायझरला मराठी कळत नाही म्हटल्यावर आपण काय बोललो ते सगळं नंतर बसून सांगावं लागायचं. हा नियम मला पटला. पेशंटच्या लेकाला-सुनेला मध्ये घालून दुभाषाचं काम करून घेण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, सुनेसमोर आजी काय सांगणार?

आता जो एक स्टार कापला त्याबद्दल. आठवड्याला निदान दोन तास एकेकट्याने समोरासमोर सुपरव्हिजन मिळायला हवं, एपीपीआयसीची अट आहे ती. आमच्याकडे पहिले काही महिने ते व्यवस्थित होतं. मग एक सुपरवायझर सोडून गेल्या, जागा भरेना, क्लिनिकची वेटिंग लिस्ट वाढली, आणि सुपरव्हिजनच्या तासात कुणीतरी पेशंट टाकायला लागलं, कॅलेंडरवर दोन तास दिसायचे पण प्रत्यक्षात बोलणं व्हायचं लिफ्टमध्ये. आमच्या पेशंटच्या नोटवर सुपरवायझरची सही (को-साइन) मात्र व्हायची. आम्ही फेलोंनी मिळून ट्रेनिंग डायरेक्टरला लेखी कळवलं, त्यांनी बाहेरच्या डिपार्टमेंटमधून एकजण दिले आणि गाडी रुळावर आली, पण मधल्या काळात अवघड केसेस आमच्या एकट्याच्या डोक्यावर होत्या. हे चालवून घ्यायचं नसतं. सुपरव्हिजनचा तास हाच तुमचा खरा पगार आहे, कारण हातात येणारा पगार कमीच असतो. तुलना करायला एक आकडा सांगते, एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या फेलोशिपला पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकला २०२४ मध्ये ६१,००८ डॉलर होते, हॉस्पिटलं बऱ्याचदा त्याच्याही खाली देतात आणि माझा तर खालीच होता, तेवढ्यात मोठ्या शहरात भाडं, हेल्थ इन्शुरन्सचा आपला हिस्सा आणि परीक्षेची फी बसवायची. परीक्षेची फी हॉस्पिटल देतं का हेही विचारा, काही देतात.

इंटरव्ह्यूत डायरेक्टरशी बोलून झालं की सध्याच्या फेलोंशी वेगळा वेळ मागा, डायरेक्टर नसताना. गेल्या महिन्यात किती वेळा सुपरव्हिजन रद्द झालं आणि रद्द झाल्यावर ते परत कधी झालं, एवढंच विचारा. उत्तर द्यायला त्यांनी एकमेकांकडे बघितलं तर ते लक्षात ठेवा.

व्हिसावाल्यांनी हे आजच बघा: ओपीटी (एफ-१ वाल्यांना शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी) १२ महिन्यांची, आणि क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डिग्रीला सहसा एसटीईएमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्र्यांना मिळणारी, वाढ मिळत नाही, म्हणजे एक वर्षाची फेलोशिप त्यातच बसवायची. अर्ज प्रोग्राम संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, फेलोशिप ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते, तारखा जुळवताना युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसशी आधी बोला. पुढच्या नोकरीसाठी युनिव्हर्सिटीशी जोडलेली, नफा न कमावणारी हॉस्पिटलं बघा, त्यांना बहुधा एच-१बी च्या (नोकरीचा व्हिसा) लॉटरीतून जावं लागत नाही, वर्षात कधीही अर्ज करता येतो. मला नोकरी अशाच ठिकाणी मिळाली, आणि तीही फेलोशिपमध्ये राउंडला शेजारी उभ्या राहणाऱ्या एका डॉक्टरांनी नाव सुचवलं म्हणून.