एसीएमची स्टुडंट रिसर्च कॉम्पिटिशन कशी आहे? माझा रिव्ह्यू

थर्ड इयर-फायनल इयरची पोरं सारखी विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. एसीएम म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातल्या लोकांची आंतरराष्ट्रीय संस्था. तिची ही विद्यार्थ्यांसाठीची रिसर्च स्पर्धा, सगळे एसआरसीच म्हणतात, वेगवेगळ्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये भरते, मी २०२४ ला लिस्बनला आयसीएसईमध्ये केली (शाळेचं बोर्ड नव्हे, इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग), म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवाल्यांची पंढरीच. अंडरग्रॅज्युएट आणि ग्रॅज्युएट असे दोन वेगळे गट असतात त्यामुळे बीई करणाऱ्याला पीएचडीवाल्यांशी भिडावं लागत नाही, हे मला फार आवडलं.

आधी छोटा अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे कामाचा सारांश पाठवायचा. प्रॉब्लेम काय, आधी कोणी काय केलंय, तुझी पद्धत वेगळी कशी, रिझल्ट काय, एवढंच पण नेमकं. आणि ग्रॅज्युएट गटात काम तुमचं स्वतःचं हवं, ग्रुप प्रोजेक्ट असेल तर त्यातला तुमचा वाटा तेवढाच मांडायचा; अंडरग्रॅज्युएट गटात टीमचं कामही चालतं. आपल्याकडे पेपरवर गाईड, एचओडी सगळ्यांची नावं चढतात, इथे ते चालत नाही.

निवड झाली की पोस्टर, म्हणजे कामाचं पोस्टर लावून जजना समजावून सांगायचं, आणि खरी मजा तिथे आहे. माझा विषय फ्लेकी टेस्ट, म्हणजे कोडमध्ये काही न बदलता टेस्ट कधी पास होते कधी फेल. एक जज बाई आल्या, इंट्रो ऐकून घेतला आणि सरळ ग्राफमधल्या सगळ्यात उंच बारवर बोट ठेवून म्हणाल्या, टेस्टचा क्रम उलटा केला तर हा बार एवढाच राहील का? मग त्यावरच बोलत बसलो, कुठली टेस्ट आधीच्या टेस्टने मागे ठेवलेल्या डेटावर अवलंबून असते, ती एकटी चालवली की काय होतं वगैरे. इतकं बारकाईने माझं काम तोपर्यंत कोणीच बघितलं नव्हतं. पोस्टरमधून निवडलेले पुढे स्टेजवर टॉक देतात, माझा नंबर तिथपर्यंत लागला नाही, पण त्या बाईंच्या प्रश्नावरून पुढचं सगळं काम उभं राहिलं.

ह्याच्या आधी आपल्याकडच्या एका कॉन्फरन्समध्ये पेपर दिला होता, नाव नको, भरपूर फी घेतली, प्रत्येक सेशनला एक बेस्ट पेपर, आणि प्रश्न एकच, फ्युचर स्कोप काय! तसल्या सर्टिफिकेटसाठी घरच्यांचे पैसे घालवू नका, कळकळीने सांगतोय.

बक्षीस दोन्ही गटांत पहिल्या तिघांना ५००, ३०० आणि २०० डॉलर. पहिला आलेला ग्रँड फायनल्सला जातो, तिथे बाकीच्या कॉन्फरन्सचे विजेतेही असतात, आणि त्यात जिंकलात तर गाईडसकट एसीएमच्या अवॉर्ड्स बँक्वेटचं आमंत्रण.

अडचण पैशाची. प्रवासाला मदत मिळते ती ५०० डॉलरपर्यंत, पुण्याहून लिस्बनचं तिकीट, शेंगेन व्हिसा, राहणं ह्यात ती कुठल्याकुठे जाते. त्यामुळे कॉलेजकडून किंवा दुसरीकडून फंडिंग मिळतंय का हे अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायच्या आधीच विचारून ठेवा, सिलेक्शननंतर धावपळ केली की व्हिसाची तारीखच मिळत नाही. कॉन्फरन्स भारतात किंवा जवळपास असेल तर मात्र अजिबात सोडू नका, २०१४ ला आयसीएसई हैदराबादला झाली होती, तसं परत झालं तर डोळे झाकून अप्लाय करा.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक कापला तो खर्चाचा. एसीएमची स्टुडंट मेंबरशिप लागते, ती आधीच काढून ठेवा.