सिंधुदुर्ग : तासाभराची होडी आणि तीन किलोमीटरचा तट

मालवणच्या जेटीवरून सुटलेली होडी नीट वेग घेते न घेते तोच कुरटे बेट समोर येते, आणि आपण उतरत असतानाच होडीवाला बजावतो, "तासाभरान परत येवा हां!" होडीसेवेबद्दल माझी तक्रार आहे ती या तासाचीच. ज्या किल्ल्याचा विस्तार सुमारे ४८ एकर आणि नागमोडी तटाची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर, तो एवढ्या वेळात धावत पळतसुद्धा पाहून होत नाही.

खरे तर पहिली पंधरा मिनिटे दरवाजाशीच जावीत, कारण तटाच्या दोन बाहूंच्या वळणात तो असा दडवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत आत शिरायची वाट कोठे आहे हे कळतच नाही. जंजिऱ्याचा सिद्दी हटत नाही म्हटल्यावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी येथे पायाभरणी केली आणि पायाचे दगड शिसे ओतून बसवण्यात आले. आत शिरून वर चढले की लहान घुमट्यांमध्ये महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यात उमटलेला ठसा दिसतो. आमच्या वाटाड्याने तो दाखवला खरा, पण पाठ केलेली चार वाक्ये म्हणून तो लगेच पुढे निघाला, आणि मागच्या गर्दीमुळे आम्हालाही सरकावे लागले.

राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर मात्र शांत होते. तेथील महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही, हे ऐकून माहीत असले तरी प्रत्यक्ष पाहताना नजर क्षणभर अडखळते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींपैकी एकीत वाकून पाहिले, तर चारी बाजूंना खारा समुद्र असताना तळाशी गोडे पाणी होते. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांतल्या एका अंगणात मिळालेले कोकम सरबत जेटीवरच्यापेक्षा कितीतरी सरस होते.

तट चढायला सुरुवात केली तोवर तास संपला होता, आणि दहा मिनिटे उशीर झाला म्हणून होडीत सर्वांदेखत बोलणी खावी लागली. वेळ पाळण्याचा आग्रह समजू शकतो. पण तिकीट देतानाच ही अट सांगायला हवी होती, आणि नंतरच्या होडीने परतण्याची मुभाही असायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्याच होडीने आम्ही पुन्हा गेलो, तेही अधिक वेळ थांबण्याचे आधीच बोलून आणि त्याचे जादा पैसे देऊन. या वेळी वाटाड्या घेतला नाही, देवळांकडे वळलो नाही. जिना चढून थेट तटावर गेलो आणि राणीची वेळा म्हणतात ती छोटी पुळण वरून दिसेपर्यंत चालत राहिलो.