लेकाचे इअरमफ (आवाज अडवणारे, कानावर घालायचे कप), दीड वर्ष वापरून झाल्यावर लिहितेय

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच, पण आधी थोडं घरचं सांगावं लागेल, नाहीतर हा रिव्ह्यू कुणाच्या कामाचा आणि कुणाच्या नाही हे कळणार नाही.

लेक सात वर्षांचा, ऑटिस्टिक, साडेतीन वर्षांचा असताना निदान झालं. बोलतो थोडं, गाणी मात्र अख्खी म्हणतो, आणि कुकरची शिट्टी झाली की डायनिंग टेबलाखाली. आमच्याकडे कुकर लावणं म्हणजे मोहीम होती, एकाने त्याला घेऊन गच्चीवर जायचं, दुसऱ्याने तीन शिट्ट्या मोजायच्या आणि गॅस बंद केला की वर मिस्ड कॉल द्यायचा. हसू नका, दोन वर्षं असंच चाललं होतं. मिक्सर, ड्रिल, मॉलच्या टॉयलेटमधला हात वाळवायचा ड्रायर, सगळ्याची हीच गत. सासूबाई म्हणायच्या लाडावलाय, शेजारच्या काकू म्हणायच्या सवय होईल हो, ऐकू द्या की. आणि सगळ्यांचा आवडता प्रश्न, "स्वतः एवढा ओरडतो, मग दुसऱ्या आवाजाचा त्रास कसा होतो?" तर बाई, स्वतःचा आवाज कधी येणार आणि कधी थांबणार हे त्याच्या हातात असतं, शिट्टीचं तसं नाही, ती कधीही येते. हे मला आमच्या ओटी ताईंनी सांगितलं (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पण आमच्याकडे सगळे ओटीच म्हणतात) आणि इअरमफ पण त्यांनीच सुचवले.

पहिली जोडी ऑनलाइन घेतली. पाकिटावर "ऑटिझम स्पेशल", निळा रंग, त्यावर कोड्याचे तुकडे, किंमत बाराशेच्या वर. आवाज किती डेसिबल कमी होतो हे कुठेच छापलेलं नव्हतं आणि मी ते बघितलं पण नाही, चूक माझीच. घालून शिट्टी दिली तर पोरगा परत टेबलाखाली. आठव्या दिवशी बिजागरी तुटली.

दुसरी जोडी पुण्यातल्या बोहरी आळीतून आणली, कारखान्यात कामगार वापरतात ते साधे काळे-पिवळे. दुकानदार काकांनी विचारलं कुठल्या साइटला पाहिजेत, म्हटलं लहान मुलाला पाहिजेत. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले मग हे जड नका घेऊ, मान दुखेल त्याची, हे हलके घ्या, आणि स्वतः पट्टी सगळ्यात आत सरकवून दाखवली. साडेसहाशे रुपये. थेरपीच्या नावाखाली विकलेल्या एकाही वस्तूने आमच्या घरात इतका फरक पाडला नाहीये.

घेताना काय बघायचं ते सांगते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर असा आकडा (आवाज किती डेसिबल कमी होतो तो) पाहिजेच, नसेल तर ते खेळणं समजा. एनआरआर अमेरिकन पद्धत, एसएनआर युरोपियन, त्याच वस्तूचा एसएनआर आकडा मोठा दिसतो, त्यामुळे एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर समोरासमोर ठेवून हा जास्त भारी असं ठरवू नका. आणि हा आकडा लॅबमधला असतो, घरी तेवढा सहसा मिळत नाही. कपच्या कडेची गादी कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, मधे केस आले किंवा चष्म्याची काडी आली की फटीतून आवाज आत येतो.

आता खरी परीक्षा, गणपती. आम्ही राहतो पेठेत, म्हणजे सुटका नाही. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं दरवर्षी आवाज मोजतात, आकडे वाचून बघा, रहिवासी भागाची कायद्यातली दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे हे आठवून वाचा. मागच्या वर्षी पहिल्यांदा त्याला इअरमफ घालून गॅलरीत नेलं. ताशा लगेच मवाळ झाला, त्याचा चेहरा सैल पडला, झेंडा नाचवणाऱ्यांकडे बोट दाखवून हसला पण. मग ढोल जवळ आले आणि त्याने दोन्ही हात छातीवर दाबून धरले, कानावर नाही, छातीवर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इअरमफ बारीक, तीक्ष्ण आवाज चांगला अडवतात, घुमणारा खालचा आवाज फारसा नाही, आणि ढोल तर अंगातूनच आत येतो, त्याला कानाचा दरवाजा लागतच नाही. सात-आठ मिनिटं थांबलो आणि आत आलो. माझ्यासाठी ती सात-आठ मिनिटं म्हणजे सणच होता.

पाचवा स्टार घामाचा. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात कानामागे पुरळ. त्या गाद्या रेक्झिनसारख्या असतात, मी जुन्या सुती बनियनचे गोल कापून लावले तर आवाज आत यायला लागला, म्हणजे तो उपाय फेल. आता वीस मिनिटं घालायचे, काढून पुसायचे.

आणि दिवसभर घालून ठेवू नका. ओटी ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सतत शांततेची सवय लागली तर साधे आवाज पण मोठे वाटायला लागतात. आम्ही पिशवीत ठेवतो, लागेल तेव्हा तो स्वतः मागतो. खरं तर अर्ध्या वेळा मागत पण नाही, नुसते पिशवीत आहेत हे चाचपून बघतो.

प्रत्येक ऑटिस्टिक मुलाला हे लागतीलच असं नाही हां. आमच्याच थेरपीला येणारी एक चिमुरडी चालू मिक्सरला गाल लावून उभी राहते, तिला आवाज कमी नाही, जास्त पाहिजे असतो. दोघांचं निदान एकच. हे संवेदनांचं प्रकरण निदानाच्या अमेरिकन निकषांत अधिकृतपणे आलं 2013 मध्ये, त्यामुळे त्याआधी शिकलेले बरेच लोक अजूनही फक्त "नजर देतो का, नावाला बघतो का" एवढंच विचारतात. आमच्या दिव्यांग सर्टिफिकेटच्या वेळी आयसा म्हणजे आपली भारतीय चाचणी झाली, 40 प्रश्न, त्यात आवाज-स्पर्श-वास याचे प्रश्न पण आहेत. मी तेव्हा ते भराभर उत्तरं देऊन उरकले होते.

शाळेत पहिला महिना भांडण्यात गेला. वर्गात हेडफोन चालत नाहीत म्हणे. यातून गाणी लागत नाहीत हे मॅडमना कानाला लावून दाखवलं तेव्हा परवानगी मिळाली.

आता मामाची गोष्ट. माझा भाऊ, वय 36, आयटीत आहे, हुशार, पण लग्नकार्यात कायम गायब. लहानपणापासून आम्ही त्याला माणूसघाणा म्हणत आलो. नाशिकला चुलतबहिणीच्या लग्नात वरात निघाली, लेक त्याच्या बाबांबरोबर लांब गाडीत झोपलेला, इअरमफ माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. भावाने न बोलता पिशवीत हात घातला, काढले आणि कानाला चढवले. पूर्ण वरातभर तो आमच्याबरोबर चालला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नंतर म्हणाला, "ताई, तुम्हा सगळ्यांना कायम असंच ऐकू येतं का गं? इतकं कमी?"

मला काय बोलावं ते सुचेना. पुढे त्याने सायकियाट्रिस्टकडे जाऊन असेसमेंट करून घेतलं, मोठ्या माणसांचं करणारे शोधायलाच चार महिने गेले, तिथे आईला बोलावून तो तीन-चार वर्षांचा असताना कसा होता ते सगळं विचारलं, आईने सांगितलं हा कुकर लागला की मोरीत जाऊन बसायचा, मला वाटायचं थंडाव्याला जातो. रिपोर्टमध्ये ऑटिझम आलं. भाऊ आहे तसाच आहे, फक्त आता त्याला कुणी माणूसघाणा म्हटलेलं मी खपवून घेत नाही.

जोडी मात्र त्याने परत दिली नाही. मी बोहरी आळीत परत गेले तर काकांनी ओळखलं, विचारलं तुटले का? म्हटलं नाही, मामाने पळवले. पन्नास रुपये कमी घेतले त्यांनी.