चार पॉइंट शून्य, सात महिने आणि ते हातमोजे

गेल्या आठवड्यात सातव्यांदा केसांना डाय लावला आणि सातव्यांदा हातमोजा अंगठ्यापाशी फाटला. म्हणून लिहायला बसले. कंपनीचं नाव घालत नाही, कारण रंगाविषयी माझी तक्रार नाही. पण खोक्यात हातमोजा म्हणून जे घालतात ती पाव किलो वाटाण्याची पिशवी आहे, फक्त तिला पाच बोटं काढलेली. परवा वटपौर्णिमेला काळ्या नखांनी वाण दिलं मी. कस्टमर केअरला फोन केला तर पोरगी म्हणते, "मॅडम, ग्लोव्हज फ्री असतात." फुकटचा असला म्हणून फाटायचा का?

असो. वय 57. दहा वर्षं मेंदी लावली. काळ्या केसांवर ती शोभते, पण पांढऱ्यावर नारिंगीच उठते, आणि माझी कानशिलं आधी पिकलेली. म्हणजे दोन्ही बाजूंना गाजराचा कीस. 'काळी मेंदी' मी घेत नाही. पुष्कळ पुड्यांत डायमधलंच पीपीडी नावाचं केमिकल असतं, आणि आईचं तोंड एकदा त्यानं भाकरीसारखं फुगलं होतं.

दिवाळीआधी राजारामपुरीत एका पार्लरला गेले. "नॅचरल करा" म्हटलं. तिथल्या मुलीच्या लेखी नॅचरल म्हणजे 1 नंबर, कुळकुळीत. केस पंचविशीचे झाले आणि चेहरा होता तिथंच राहिला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठांच्या कडेच्या रेघा, सगळं उठून दिसायला लागलं. पाडव्याला मोठ्या जाऊबाई दारातच म्हणाल्या, "टोप घातलाईस व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी भांडायला गेले. फिकट करून द्या म्हटलं. ती म्हणाली, रंगावर रंग लावून फिकट होत नाही, आधीचा काढायला वेगळं केमिकल आणि वेगळे अडीच हजार. वाजलं बरंच. पैसे मिळाले नाहीत, पण मुद्दा तिचा बरोबर होता हे आता कबूल करते. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे काळा सगळा निघायला वर्षं जाणार. खांद्यापर्यंत कापून टाकले आणि घरीच मुळांना लावायला लागले.

पहिला डबा 4.3 आणला. खोक्यावरच्या बाईचे केस बघून भुलले. तीन आठवड्यांत कानशिलं तांबूस-पिवळी, परत मेंदीवालीच दिसायला लागले. तेव्हाच हे लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. मग चष्मा लावून खोकं वाचलं. पहिला आकडा रंगाच्या खोलीचा: 1 काळा, 3 गडद तपकिरी, 4 तपकिरी. पॉइंटनंतरचा छटेचा, आणि 3 म्हणजे सोनेरी. चूक माझी. दुसऱ्या महिन्यापासून 4.0, नुसता तपकिरी.

हा मात्र बसला. बाहेर कुणाला वाटत नाही की काही लावलंय. घरात काळाच दिसतो, रंकाळ्यावर संध्याकाळच्या उन्हात तेवढा तपकिरी. काळ्यावर भांगातली पांढरी रेघ दहा दिवसांत डांबरावरच्या पट्ट्यासारखी दिसायची. तपकिरीत ती तितकी टोचत नाही, महिना निघतो.

काटकसर: मुळांनाच लावायचा तर अर्धी ट्यूब पुरते. क्रीम आणि डेव्हलपर (क्रीममध्ये कालवायची दुसरी बाटली) किचनच्या काट्यावर पत्रकातल्या प्रमाणात मोजून घ्यायचं, उरलेलं वेगवेगळं झाकून ठेवायचं. एकदा कालवलेलं टाकवेना म्हणून लोणच्याच्या बरणीत घट्ट झाकून ठेवलं, तर दुपारी झाकण उडालं. मिस्टरांना वाटलं गॅसच. कालवल्यावर आत वायू धरतो, ते ठेवायचंच नसतं. मोरीच्या फरशीवर डाग अजून आहे.

आणि अंगाला सोसतो का बघायला कानामागं थेंब लावून 48 तास थांबा, पहिल्यांदा लावताना तरी. मी दोन्ही नंबरांना थांबले.

स्टार चार. पाचवा हातमोज्यानं खाल्ला. महाद्वार रोडच्या मेडिकलमधनं रबरी जोड आणलाय, धुऊन वाळवून परत वापरणार.

काल जाऊबाई आल्या होत्या. चहा होईपर्यंत माझ्या भांगाकडंच बघत होत्या. शेवटी जिना उतरताना म्हणाल्या, "नंबर सांग की, मी पण तोच आणतो." नंबर सांगितला. हातमोज्यांचं सांगितलं नाही.